डावीकडे झुकलेल्या फुल्या

नणंदेकडून आलेलं कापड एदिल्माने आधी उलटं करून पाहिलं, मग सुलटं. तिची रीतच ती. लास पाल्मितास गावात पोयेरा, म्हणजे नाचाचा भरतकाम केलेला पोशाख, शिवणाऱ्या जेवढ्या म्हणून बायका आहेत, त्या सगळ्या कापडाची पाठ आधी बघतात. पण एदिल्मा पाठ बघता बघता समोरच्या बाईचं तोंडही बघते, आणि तिथेच भल्याभल्यांना घाम फुटतो. आज समोर कुणी नव्हतं. कापड घेऊन आलेली तिची नात मित्सिला आल्या आल्या चुलीवरच्या मक्याच्या भाकरीकडे वळली होती.

पाठ स्वच्छ होती. गाठ नाही, लोंबता धागा नाही, एका पानावरून दुसऱ्यावर घाईने मारलेली उडी नाही. पांढऱ्या झिरझिरीत कापडावर लाल धाग्याने भरलेली काजूची पानं आणि बोंडं, आणि दोन्ही अंगांनी अगदी सारखी. मशीनचं काम नव्हतं, ते तर एदिल्मा डोळे मिटूनही सांगेल.

"अजून किती राहिलंय म्हणाल्या?"

"पाव घेर. बघून झालं की परत पाठवा, दहा-बारा दिवसांत होईल म्हणाल्या दीदिमाआजी."

"दहा-बारा दिवसांत," एदिल्मा म्हणाली. "पंख फुटलेत वाटतं बोटांना."

मित्सिला हसली. तिला काय, एकोणीस वर्षांची पोर, मार्चच्या जत्रेत पोयेरा घालून ढोलावर नाचायचं एवढंच तिला ठाऊक. पण पोयेऱ्याचा घागरा दोन घेरांचा असतो. वरचा घेर एदिल्माने एकटीने भरला होता आणि त्याला अकरा महिने लागले होते. खालचा घेर मोठा पण नक्षी विरळ, तो नणंदेकडे, दीदिमाकडे. नाताळापर्यंत दीदिमाचं चार बोटं काम धड झालं नव्हतं. एदिल्माने रोज तिच्या नावाने बोटं मोडली होती. आणि मग एकाएकी, जानेवारी लागला काय आणि कापड भराभर भरून यायला लागलं काय.

शिवाय दीदिमा हल्ली ओटीवर बसत नाही. जन्मभर ही बाई ओटीवर, भिंतीला टेकलेल्या कातडी खुर्चीत बसून भरतकाम करत आली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. आता आतल्या खोलीत, दार लावून. फेब्रुवारीच्या उकाड्यात. एदिल्मा गेली तर कापड बाजूला सारून हात मांडीखाली घेऊन बसते. कॉफी पुढे केली तर म्हणते, आत्ताच झाली. खोटं. दीदिमाने कॉफीला नाही म्हटल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. मन खात असलं की माणसाच्या घशाखाली काही उतरत नाही, एवढं एदिल्माला कळत होतं.

तिने कापड खिडकीत, उजेडात धरलं. चष्मा जानेवारीपासून सापडत नव्हता, म्हणून अगदी नाकाशी नेलं. आणि फुल्या एकेक करून बघत गेली.

फुलीच्या टाक्यात दोन धागे एकमेकांवर आडवे पडतात. वरचा धागा उजवीकडे झुकतो. या गावात सगळ्यांचा उजवीकडेच झुकतो, कारण आईने लेकीला तसंच शिकवलेलं असतं. दीदिमाची पहिली चार बोटं उजवीकडे झुकलेली होती. त्यानंतरचं सगळं, पानन् पान, डावीकडे.

हा हात दीदिमाचा नव्हता. आणि वाईट म्हणजे एदिल्माला हा हात ओळखीचा होता.

तिने नातीला दुकानात पिटाळलं, खाटेखालचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ओढला आणि तळातून एक रुमाल काढला. त्यावर दोनच पानं, काजूची, लाल. पाठ स्वच्छ. फुल्या डावीकडे.

हा रुमाल ब्रेदियोने तिला एकेचाळीस वर्षांपूर्वी, लग्नाआधी दिला होता. तेव्हाही तिने आधी पाठ बघितली होती. "कुठल्या बाईने करून दिला?" असं विचारलं होतं. ब्रेदियोचे कान लाल झाले होते आणि तो म्हणाला होता, "असाच. घरातलाच आहे." घरातला कसा असेल? त्याच्या आईचा हात उजवीकडचा, बहिणीचा, म्हणजे दीदिमाचा, उजवीकडचा. म्हणजे घराबाहेरची कुणीतरी होती. एदिल्माने लग्न केलं ते केलंच, पण रुमाल एकदाही वापरला नाही. पुरावा म्हणून जपून ठेवला. दर मोठ्या भांडणात डबा बाहेर यायचा, आणि दर वेळी ब्रेदियो मूग गिळून गोठ्याकडे निघून जायचा. न बोलणारा माणूस गुन्हेगारच असतो, असं एदिल्माचं मत होतं, आणि एकेचाळीस वर्षांत ते बदलायचं काही कारण तिला दिसलं नव्हतं.

आता ती बाई, जी कोण असेल ती, मित्सिलाच्या पोयेऱ्यात हात घालून बसली होती.

नुसत्या मत्सराची गोष्ट असती तर एदिल्माने एक जंगी भांडण करून सोडून दिलं असतं. पण जत्रेच्या समितीकडे शुक्रवारपर्यंत हातांची यादी द्यायची होती. पोयेऱ्यावर ज्याने एक टाका जरी घातला असेल त्याचं नाव त्या कागदावर लागतं, खाली घरच्या मोठ्या बाईची सही. यादी खोटी निघाली तर पोयेरा मांडवाच्या पायरीवरूनच परत, आणि सात वर्षं त्या घरातली मुलगी जत्रेत नाचायची नाही. वळणावरच्या सेग्रेरांच्या मुलीचं तसंच झालं होतं. डोक्यात मोत्यांचे काटे, गळ्यात सोन्याच्या साखळ्या, आणि पोर भर उन्हात सगळ्या गावासमोरून चालत घरी गेली होती. तपासणीला बसणाऱ्या बायका काय आंधळ्या नव्हत्या. दोन हात त्यांना लांबूनही दिसतात, आणि खालच्या घेरात तर धडधडीत दोन हात होते.

मित्सिला दुकानातून परतली ती साबण आणि बातमी दोन्ही घेऊन. "आजी, लाल धागा संपलाय. एलोइसाबाई सगळा घेऊन गेल्या म्हणे, सहा लडी."

"कोण एलोइसा?"

"दीदिमाआजींच्या मागच्या घरातल्या. शहरातून आल्यात ना, नवरा गेल्यापासून."

"कधी आली?"

"डिसेंबरात. का गं?"

आता एदिल्माला एलोइसा पक्की आठवली. तरुणपणी नाचायची बरी, आणि नाचताना ब्रेदियोकडे बघायची. डिसेंबरात आली, जानेवारीत कापड पळायला लागलं. लाल धागा, सहा लडी. आणखी काय पाहिजे?

आणखीही मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ब्रेदियोचा सदरा धुवायला घेत होती, तर बाहीच्या दुमडीत वीतभर लाल धागा. तिने तो बोटाभोवती गुंडाळला आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. ब्रेदियो परसात बसून खोगिराचा पट्टा सांधत होता. सहासष्ट वर्षांचा उंच, वाळका माणूस. हॅट झोपतानाच काढायचा, आणि तेव्हाही नाइलाजाने.

"म्हाताऱ्या, काल डॉमिनोत जिंकलास का हरलास?"

"हरलो."

"कोणाबरोबर होतास?"

"असतात तेच."

"बोटाला काय झालं?"

त्याने बोट मुठीत मिटलं. "कुंपणाचा काटा लागला."

"बारीक काटा आहे हो तुमच्या कुंपणाला," एदिल्मा म्हणाली. तुम्ही म्हटलं की ब्रेदियोला कळायचं, आभाळ फाटायच्या बेतात आहे. तो पट्टा घेऊन गोठ्याकडे गेला.

ती सरळ बाजारपेठेतल्या चिंचेखाली गेली. तिथे चार म्हातारे डॉमिनो खेळत होते. त्यांतला आब्दोनिल, ब्रेदियोचा लहानपणापासूनचा दोस्त, तिला बघून उठायला लागला.

"बस, बस. माझा नवरा काल किती वाजता उठला इथून?"

आब्दोनिलने सोंगट्यांकडे बघितलं. मग बाकीच्यांकडे. "ब्रेदियो? वहिनी, तो नाताळापासून आला नाही इकडे. आम्हाला वाटलं, तू बांधून ठेवलायस."

बाकीचे हसले. एदिल्माही हसली, इतकं खोटं की तिचे तिलाच दात दुखले. घरी येताना वाऱ्याने रस्त्याची धूळ तोंडावर मारली, तीही तिला कुणीतरी मुद्दाम उडवल्यासारखी वाटली.

तर असं होतं सगळं. रोज दुपारी तीनला नवरा हॅट घालून निघतो. डॉमिनोला जात नाही. नणंद दार लावून बसते. मागच्या घरातून एलोइसा लाल धागा घेऊन येते. नणंद स्वतःचं काम दुसरीकडून करून घेते आणि वर भावाला भेटायला जागाही देते. एका दगडात दोन पक्षी मारले होते दीदिमाने, आणि दोन्ही पक्षी एदिल्माचे होते.

रडू आलं तिला. खोटं कशाला बोला, चुलीपाशी उभी राहून ती पदर नसलेल्या झग्याच्या बाहीने डोळे पुसत होती. ब्रेदियोसाठी किती आणि अकरा महिन्यांच्या कामासाठी किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पोयेरा मागे घ्यायचा, हे मात्र तिने ठरवलं. खोट्या यादीवर सही करून नातीला पायरीवरून परत येताना बघायचं नव्हतं तिला. पण त्याआधी त्या बाईला सुईसकट पकडायचं होतं.

गुरुवारी तीनला ब्रेदियो निघाला. सव्वातीनला एदिल्मा निघाली. रुमाल तिने झग्याच्या गळ्यातून आत खोचला होता. पुढच्या ओटीवरून न जाता ती मागून, आंब्याखालून, कोंबड्या बाजूला सारत दीदिमाच्या आतल्या खोलीच्या दाराशी आली आणि कान लावला.

"हळू," आतून दीदिमाचा आवाज आला. "कापड चुणतंय."

मग कुणीतरी पुटपुटलं. शब्द कळले नाहीत. मग दीदिमा हसली.

एदिल्माने दार ढकललं.

दीदिमा खाटेवर बसली होती, हात मांडीखाली. खिडकीपाशी स्टुलावर ब्रेदियो होता, डोक्यावर हॅट. एदिल्माने त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. तिने आधी दाराच्या मागे बघितलं. मग खाटेखाली वाकून बघितलं. मग कपड्यांचा पडदा बाजूला केला.

"कुठंय ती?"

"कोण?" दीदिमाने विचारलं.

"वन्सं, मला खेळवू नका. एलोइसा. फुल्या घालणारी. तुमचं काम करणारी आणि माझा..." तिने रुमाल काढून खाटेवर आपटला. "हा जिचा हात आहे ती. कुठंय?"

तेव्हा कुठे एदिल्माने नवऱ्याकडे धड पाहिलं. त्याच्या नाकावर तिचा हरवलेला चष्मा होता. मांडीवर खालचा घेर पसरलेला होता. उजव्या हाताच्या चिमटीत सुई होती आणि सुईत लाल धागा.

"इथेच आहे ती," ब्रेदियो म्हणाला.

"काहीतरी बोलू नकोस."

"बघ तर."

"घाल टाका," एदिल्मा म्हणाली. "माझ्यासमोर घाल."

त्याने कापड उजेडाला धरलं, धागे मोजले आणि सुई घातली. गुरं बांधून बांधून जाड झालेली ती बोटं, पण सुई कशी, न चाचपडता गेली. खालचा धागा. मग वरचा, डावीकडे. पान पुरं झाल्यावर त्याने कापड उलटं केलं आणि स्वतःच पाठ तपासली, अगदी एदिल्मा तपासते तशी. तिने रुमाल शेजारी धरला. एकेचाळीस वर्षांत हात जरा सुधारला होता, एवढाच फरक.

"तू कधी शिकलास?"

"आठ वर्षांचा होतो. घोड्यावरून पडून पाय मोडला होता, आठवतं का दीदिमा? सगळा उन्हाळा खाटेवर. आई समोर बसून भरायची, कापड असं उजेडाला धरून. दीदिमा तिच्या शेजारी बसून शिकली. मी समोरून. मला कापडाची पाठच दिसायची. जशी दिसली तशी शिकलो."

"म्हणून उलट्या झुकतात," दीदिमा म्हणाली. "मी किती सांगितलं. नाही वळत त्याचा हात."

एदिल्मा खाली स्टुलाशेजारी जमिनीवरच बसली. एवढी वर्षं ती एका बाईचा जीव तोडून राग करत आली होती आणि ती बाई नव्हतीच कुठे. रागाचं ठीक होतं, तो निवतो. पण ते दर भांडणात डबा काढणं, तो गोठ्याकडे जाणारा माणूस, ते तिला एकदम सगळं आठवलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस, कुठल्या बाईने केला. पंचविशीचा होतो मी. जत्रेत बैलाच्या पाठीवर बसायचो. मीच केला म्हणून सांगू?" त्याने चष्मा काढून पुसला. "आणि नंतर सांगितलं असतं तर, आधी का नाही सांगितलंस म्हणून भांडली असतीस."

"भांडलेच असते."

"मग."

"आणि एलोइसा?"

"धागा आणायला कुणीतरी बाईमाणूस नको का? मी जाऊन लाल धागा मागितला तर आब्दोनिल जन्मभर सोडेल का मला?"

एदिल्मा नणंदेकडे वळली. "आणि तुम्ही, वन्सं? तुम्हाला काय झालं होतं?"

दीदिमाने मांडीखालचे हात काढले आणि समोर धरले. ते थरथरत होते. थंडी वाजल्यावर थरथरतात तसे नाही, एका लयीत, न थांबता. "ऑक्टोबरपासून. आता कप धरवत नाही. सांडते म्हणून तुझ्यासमोर कॉफी घेत नव्हते."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू कापड काढून घेतलं असतंस. खरं बोल, घेतलं असतंस की नाही?"

एदिल्माने खरं सांगितलं. "घेतलं असतं."

"तेच. पोरीच्या पोयेऱ्यात माझा हात नाही, असं नको होतं मला."

बाहेर कोंबड्या दाराशी आल्या होत्या. ब्रेदियोने त्यांना पायाने हाकललं आणि कापडाची घडी घालत म्हणाला, "यादीत माझं नाव नको. खालचा घेर दीदिमाचा असं लिही. फुल्या उलट्या का विचारलं तर सांग, हात थरथरतो म्हणून."

"थरथरणाऱ्या हाताचं काम असं असतं का? त्या बायका मला ओळखतात, म्हाताऱ्या. पोरीला पायरीवरून परत आणू?"

"गाव हसेल."

"हसेल," एदिल्मा म्हणाली.

घरी जाऊन तिने त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, कागद पुढ्यात घेतला. वरचा घेर, एदिल्मा. खालचा घेर, पहिली चार बोटं, दीदिमा. पुढे तिचं पेन थांबलं. ब्रेदियो दारात उभा होता, हॅटची कड दोन्ही हातांनी चुरगाळत. त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की तिला वाटलं, सोडून द्यावं. मग तिने लिहिलं. खालचा घेर, बाकी सगळा, ब्रेदियो. आणि खाली सही केली.

जत्रेच्या दिवशी मांडव गच्च भरला होता. मित्सिला पायरीशी उभी राहिली. तपासणीच्या बाईने घागऱ्याची कड उचलून उलटी केली. वरचा घेर बघितला, खालचा बघितला, पुन्हा वरचा बघितला.

"खालच्या फुल्या डावीकडे झुकतात, एदिल्मा."

"आमच्या घरात दोन्ही चालतात," एदिल्मा म्हणाली.

"भरतकामाचे गुण जातील."

"जाऊ देत."

अर्ध्या गुणासाठी बहिणीशी वर्षभर अबोला धरणारी एदिल्मा ही. तपासणीवालीने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं, पण कागद आणि कापड जुळत होतं. तिने कड सोडली. मित्सिला वर गेली.

मग नेहमीप्रमाणे कर्ण्यावरून हात वाचले गेले. एदिल्माचं नाव आलं, दीदिमाचं आलं. तिसरं नाव वाचताना वाचणारा अडखळला, कागद जवळ धरला आणि पुन्हा वाचलं. बैलांच्या रिंगणाच्या कुंपणावर बसलेल्या बाप्यांमधून आधी एक शिट्टी आली, मग हशा उसळला. आब्दोनिलचं हसणं सगळ्यात मोठं. "ब्रेदियो, माझ्या विजारीला ठिगळ लावून दे रे," तो ओरडला.

ब्रेदियोने सगळ्यांसमोर हॅट काढली. टक्कल उन्हात चमकलं. जाईल आता हा गोठ्याकडे, असं एदिल्माला वाटलं, पण तो जागचा हलला नाही. वर ढोल सुरू झाला होता, मित्सिलाने घागरा दोन्ही हातांनी उचलला होता, आणि लाल पानांचे दोन्ही घेर एका वेळी फिरत होते. खालून काही कळत नव्हतं, कुठली फुली कुठे झुकते ते.

दीदिमाने थरथरता हात एदिल्माच्या हातात दिला. एदिल्माने दुसऱ्या हाताने झग्याच्या गळ्यातला रुमाल काढला, एकेचाळीस वर्षांची घडी मोडली, आणि सगळ्या गावासमोर त्यात नाक शिंकरलं.

"अगं, जपून," ब्रेदियो म्हणाला. "चोरून चोरून करायला आठ दिवस लागले होते त्याला."

"दुसरा करून दे," एदिल्मा म्हणाली. "आणि माझा चष्मा कुठंय?"